ताहितीची नोनी, बाटलीतला रस आणि किडनीचे पेशंट

शेवंती (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी,

नोनी नावाच्या फळाच्या रसावर इथे पूर्वी बोलणं झालेलं आहे, पण ते 'चांगला की वाईट' यापुढे गेलं नाही. मला वेगळा मुद्दा मांडायचा आहे. हा रस सगळ्यात जास्त आग्रह करून विकला जातो तो मधुमेहवाल्यांना, बीपीवाल्यांना, किडनी थकलेल्यांना, कॅन्सरचे उपचार चाललेल्यांना. आणि तो घेण्याआधी सगळ्यात जास्त विचार करायला हवा तोही याच लोकांनी. बाटली हातात देणारा हे कधीच सांगत नाही.

निमित्त आमच्या मोठ्या काकांचं. वय ७१, क्रिएटिनीन (किडनी कितपत काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढून २.८, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू. थकलेल्या किडनीला पोटॅशियम नीट बाहेर टाकता येत नाही, म्हणून त्याचं पथ्य. नारळपाणी बंद, केळं बंद, टोमॅटो जेमतेम. काकू बटाटा किंवा पालेभाजी आधी चिरून भरपूर पाण्यात उकळते, ते पाणी ओतून देते आणि मग फोडणी घालते. इतकं जपणाऱ्या घरात सकाळी फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांनी नोनीच्या बाटल्या आणून दिल्या. 'फळाचाच रस आहे, साइड इफेक्ट शून्य, किडनी पुन्हा पहिल्यासारखी होते.' रस म्हणजे काही औषध नव्हे, त्यामुळे डॉक्टरांना विचारायला हवं हे घरात कोणाच्या मनातच आलं नाही. बाटलीवर सोडियमचा आकडा होता, पोटॅशियमचा उल्लेखही नव्हता.

म्हणून मुळापासून वाचत गेले. नोनीचा रस जगभर पोचवला तो 'ताहितियन नोनी' या ब्रँडने. कंपनीचं नाव मोरिंडा, स्थापना १९९६, गाव अमेरिकेतल्या यूटा राज्यातलं प्रोव्हो. फळ ताहिती आणि आसपासच्या बेटांवरचं. त्याचा गर तिथेच काढायचा आणि वासावर मात करायला त्यात द्राक्षाचा आणि ब्लूबेरीचा रस मिसळायचा. विक्री दुकानातून नाही, साखळीतून, म्हणजे एका विक्रेत्याने आपल्याखाली दुसरे जोडत जायचं. दोनच वर्षांत, १९९८ साली, ॲरिझोना, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि टेक्सस या चार राज्यांच्या महाधिवक्त्यांनी कंपनीला धरलं, कारण मधुमेह, संधिवात, नैराश्य बरं होतं असे दावे चालले होते आणि त्यांना आधार नव्हता. कंपनीने असे दावे थांबवायचं कबूल केलं आणि चौकशीच्या खर्चापोटी १ लाख डॉलर भरले.

युरोपात हा रस विकायला परवानगी लागली, ती २००३ साली मिळाली. त्याआधी २००२ मध्ये युरोपीय आयोगाच्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीने मत दिलं होतं. त्याचा सारांश असा, की सुचवलेल्या प्रमाणात हा रस पिण्याला हरकत नाही, पण इतर फळांच्या रसांपेक्षा याचे काही विशेष आरोग्यलाभ आहेत असा पुरावा समोर आलेला नाही. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. परवानगी मिळाली ती फळाचा रस म्हणून, आणि आपल्याकडे तीच परवानगी औषध असल्यासारखी दाखवली जाते.

आता किडनी. २००० साली किडनीच्या आजारांवरच्या एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका पेशंटची हकीगत छापून आली. त्याची किडनी आधीच कमजोर होती आणि कमी पोटॅशियमचं पथ्य आपण पाळतोय असं तो सांगत होता, तरी रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं. शोध घेतल्यावर कळलं की तो नोनीचा रस घेत होता. तपासलेल्या रसात लिटरमागे ५६.३ मिलीइक्विव्हॅलंट (रक्तातले क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम निघालं, म्हणजे संत्र्याच्या किंवा टोमॅटोच्या रसाइतकंच. काकांना संत्र्याचा रस बंद आहे आणि नोनी चालू.

इथे डॉक्टर आहेत, झाडांची माहिती असणारे आहेत, अमेरिकेत राहणारे आहेत. जे ठाऊक असेल ते लिहा. ऐकीव असेल तर ऐकीव आहे असं म्हणा, एवढीच विनंती.

वैनगंगा

शेवंतीताई, धागा महत्त्वाचा आहे. झाडापुरतं मी सांगतो, वनस्पतिशास्त्र शिकवण्यात उमर गेली.

नोनी म्हणजे मोरिंडा सिट्रिफोलिया. कॉफी ज्या कुळातली, त्याच कुळातलं हे झाड. आमच्या विदर्भात शेताच्या बांधावर आणि कोरड्या रानात जी बारतोंडी दिसते ती याची सख्खी बहीण, पण जात वेगळी. खरी नोनी किनाऱ्याची. खारं वारं, वाळू, खडकाळ जमीन असं सगळं ती सोसते. आग्नेय आशिया ते ऑस्ट्रेलिया हा तिचा मूळ टापू. तिथून होड्यांनी समुद्र ओलांडणाऱ्या लोकांनी ती पॅसिफिकच्या बेटांवर नेली. आपल्याकडे अंदमान-निकोबारात आणि किनारपट्टीवर सापडते.

फळाची गंमत अशी की ते एका फुलाचं नसतं. गुच्छातल्या अनेक फुलांचे बीजकोश एकमेकांना चिकटून एक फळ तयार होतं, म्हणून सालीवर डोळे डोळे दिसतात. कच्चं असताना हिरवं आणि टणक, मग पिवळसर पांढरं, आणि पिकलं की पार लिबलिबीत, जवळजवळ आरपार दिसेल असं. वास फार उग्र असतो. त्याला कारण कॅप्रॉइक आणि कॅप्रिलिक आम्लं, जी शेळीच्या दुधात आणि जुन्या चीजमध्येही असतात.

आणखी एक. या कुळातल्या आपल्या झाडांना मान होता तो मुळांसाठी. आल म्हणतात ते हेच. मुळांच्या सालीतून पक्का लाल रंग निघायचा, त्यासाठी खानदेश-वऱ्हाडात त्याची शेती होती. तीन-चार वर्षांचं झाड मुळासकट खणून काढायचे. १८६९ च्या सुमारास जर्मनीत प्रयोगशाळेतला अलिझरीन रंग तयार झाला आणि पुढच्या काही दशकांत ही शेती बुडाली. म्हणजे आपल्या लोकांना हे झाड शेकडो वर्षं जवळून माहीत होतं, आणि त्याच्या फळाचा रस रोज सकाळी पिण्याची रीत मात्र कुठे नव्हती. बेटांवरसुद्धा जुन्या वापरात पानं आणि साल जास्त, जखमेवर किंवा दुखऱ्या भागावर पान गरम करून बांधायचं. फळ खायचे ते बरेचदा दुष्काळात. त्यामुळे 'दोन हजार वर्षांची परंपरा' असं बाटलीवर लिहिलेलं दिसलं तर परंपरा कशाची, हे विचारावं.

अनिकेत_सॉल्टलेक

मी यूटात राहतो. ताई म्हणतात ते प्रोव्हो इथून तासाभराच्या आत.

इतक्या सप्लिमेंट कंपन्या याच राज्यात कशा, हे समजून घेतलं की बराच उलगडा होतो. १९९४ साली अमेरिकेत आहारपूरकांचा कायदा झाला. तो पुढे नेणाऱ्यांत यूटाचेच सिनेटर ऑरिन हॅच आघाडीवर होते. या कायद्यानुसार आहारपूरक बाजारात आणण्याआधी ते गुणकारी आहे हे सरकारला सिद्ध करून द्यावं लागत नाही. 'प्रतिकारशक्तीला साथ देते', 'सांध्यांचं आरोग्य राखते' अशा थाटाची वाक्यं छापता येतात. फक्त खाली एक ओळ घालावी लागते, की हे उत्पादन कोणत्याही रोगाचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध करण्यासाठी नाही. नोनी १९९६ ची, म्हणजे कायद्यानंतर दोनच वर्षांची. नंतर याच राज्यातून मँगोस्टीनचा रस निघाला, ब्राझीलच्या असाई बेरीचा रस निघाला. दूरच्या उष्ण प्रदेशातलं फळ, उंच देखणी बाटली, महाग किंमत आणि साखळी, साचा तोच.

कंपनीचं पुढे काय झालं तेही सांगतो. २०१८ च्या अखेरीस मोरिंडा 'न्यू एज' नावाच्या पेयांच्या कंपनीने विकत घेतली. त्या कंपनीने २०२२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. उत्पादन अजून आहे, मालक बदलले.

आता 'झेरोनीन'. भारतातल्या मीटिंगमध्येही हा शब्द ऐकायला मिळतो असं भाऊ सांगतो. राल्फ हाइनिकी नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ हवाईत अननसाच्या उद्योगात काम करत, अननसातल्या ब्रोमेलेन या पाचक द्रव्यावर. त्यांनी मांडलं की शरीराला झेरोनीन नावाचं अल्कलॉइड लागतं आणि नोनीत त्याचा कच्चा माल भरपूर असतो. १९८५ साली त्यांना त्यावर पेटंट मिळालं. पण स्वतंत्र शास्त्रज्ञांनी या पदार्थाचं अस्तित्व दाखवून दिलेलं नाही. पेटंट मिळणं म्हणजे ती गोष्ट शरीरात तशी घडते हे सिद्ध होणं नव्हे. विकणारे मात्र पेटंटचा कागद दाखवतात आणि समोरचा गप्प होतो.

जयाताई_नाशिक

मी नोनी घेते. गुडघेदुखीसाठी सुरू केली, सकाळी अनशापोटी ३० मिली. जिना चढताना आता पूर्वीसारखा त्रास होत नाही. आमच्या भिशीतल्या दोघींनाही फरक पडला. तुम्ही सगळे शिकलेले लोक एका सुरात नावं ठेवता तेव्हा वाईट वाटतं. आमचा अनुभव खोटा आहे का? मी कोणाला विकत नाही, माझं कमिशन नाही.

शेवंती

जयाताई, तुमचा अनुभव खोटा असं मी म्हणणार नाही. तुम्ही लिहिलंत हे बरंच झालं, नाहीतर धागा एकतर्फी झाला असता. एकच विचारते. बीपीची गोळी चालू आहे का, आणि किडनीची तपासणी शेवटची कधी झाली?

डॉ_तांबडमाती

मी फिजिशियन आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करतो.

जयाताई, गुडघ्याची झीज आपणहून चढ-उतार दाखवते. थंडीत वाढते, उन्हाळ्यात कमी होते, चालणं सुरू केलं की बरी वाटते. त्यामुळे अमुक एका गोष्टीने फरक पडला हे एकट्यादुकट्या माणसावरून ठरवता येत नाही. पण तुमची किडनी ठीक असेल, रक्त पातळ करणारी गोळी नसेल, लिव्हरचा इतिहास नसेल, तर ३० मिली रसाला मी विष म्हणणार नाही.

शेवंतीताईंच्या आकड्याचा हिशेब मांडायलाच हवा, नाहीतर उलट्या बाजूने अतिशयोक्ती होईल. लिटरमागे ५६.३ मिलीइक्विव्हॅलंट म्हणजे साधारण २२०० मिलिग्रॅम पोटॅशियम. ३० मिलीत ६६ मिलिग्रॅम. मध्यम केळ्यात ४०० च्या आसपास असतं. म्हणजे चमचाभर नोनीने पोटॅशियम आभाळाला भिडत नाही. मग काळजी कशाची?

पहिली गोष्ट, लोक ३० वर थांबत नाहीत. त्रास वाढला की विकणारा सांगतो, 'शरीरातली घाण बाहेर पडतेय, डोस दुप्पट करा.' मी १५०-२०० मिली रोज घेणारे पेशंट पाहिलेत. तिथे दिवसाला ३००-४०० मिलिग्रॅम होतात आणि ते कोणाच्या हिशेबात नसतात. दुसरी, काकांचं टेल्मिसार्टन. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधं स्वतःच पोटॅशियम वाढवू शकतात. थकलेली किडनी, त्यावर ही गोळी, त्यावर न मोजलेला रस, असं सगळं एकत्र आलं की हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत गोष्ट जाते. आणि तोवर पेशंटला फारसं काही जाणवतही नाही. थोडा थकवा, पाय जड, एवढंच. ईसीजी काढतो तेव्हा आम्हाला कळतं. तिसरी, प्रत्येक कंपनीचा रस वेगळा. कोणी गर घालतं, कोणी अर्क, कोणी पाणीच जास्त. आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्यांत नोनीबरोबर गार्सिनिया, अश्वगंधा आणि अजून कायकाय असतं. एका अमेरिकी बाटलीचा आकडा त्यांना लावता येत नाही.

अवांतर, पण किडनीच्या पेशंटांनी हे वाचावंच. कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, डायलिसिसवर असलेल्याने एकही फोड खाऊ नये. त्यातलं एक विषारी द्रव्य कमजोर किडनी बाहेर टाकू शकत नाही. ते मेंदूवर जातं. न थांबणारी उचकी, गोंधळ, झटके, मृत्यूही. ते तर झाडावरून तोडलेलं ताजं फळ असतं, कोणत्याही कंपनीचं नव्हे. 'फळ आहे म्हणजे निर्धोक' हा समज किडनीच्या पेशंटच्या बाबतीत पहिला सोडून द्यायचा.

लिव्हरबद्दल. २००५ साली ऑस्ट्रियातून काही केसेस नोंदल्या गेल्या. त्यातला एक २९ वर्षांचा तरुण होता. तीन आठवड्यांत दीड लिटर नोनी प्यायलेला, लिव्हर निकामी होऊन प्रत्यारोपण करावं लागलं. त्याला पूर्वी पॅरासिटामॉलच्या थोड्या मात्रेनेही लिव्हरचा त्रास झालेला होता, हेही लक्षात घ्या. २००६ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने या केसेस तपासल्या आणि सर्वसाधारण प्रमाणात पिण्याने लिव्हरला इजा होण्याची शक्यता कमी आहे, थेट कारण सिद्ध होत नाही असा निष्कर्ष काढला. मी दोन्ही बाजू सांगतोय, कारण दोन्ही खऱ्या आहेत. माझ्यापुरता अर्थ एवढाच, की ज्याला पूर्वी कावीळ, हिपॅटायटिस झालाय किंवा एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) वाढलेलं आहे त्याने हा प्रयोग स्वतःवर करू नये.

देवगडकर

शेतकऱ्याची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी एक कंपनीवाले आले. कलमं-रोपं आम्ही देतो, फळ आम्हीच उचलतो, लेखी करार. आंब्याला मोहोर कधी दगा देतो, काजूचा दर पडतो, म्हणून बऱ्याच जणांनी कुंपणाकडेने नोनी लावली. झाड खरंच कणखर. खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत दुसरं काही धरत नव्हतं तिथे ते उभं राहिलं आणि बाराही महिने फळ द्यायला लागलं. उचलायला मात्र कोणी आलं नाही. फोन लागेना, ऑफिस बदललेलं.

आणि हे फळ बाजारात नेता येत नाही हो. सकाळी झाडावर टणक पांढरं दिसतं, काढून टोपलीत ठेवलं की बघता बघता मऊ पडतं. दुसऱ्या दिवशी टोपलीच्या तळाशी पाणी आणि घरभर वास. हवाईतले लोक हाच सुटलेला रस दोन महिने बरणीत मुरवतात. मीही पिकलेली फळं काचेच्या बरणीत भरून बघितली. हळूहळू फळं बसत जातात, वर कॉफीच्या रंगाचा रस जमतो, चव आंबट-तुरट आणि शेवटी कडवट. औषध म्हणून नाक दाबून घेतील, पण आवडीने कोणी पिणार नाही.

सांगायचा मुद्दा हा की मी एका किलोला जो दर ऐकला होता आणि शहरात बाटलीला जी किंमत आहे त्यात कसलाच मेळ नाही. फळ स्वस्त आहे. बाटली महाग आहे ती मधल्या माणसांच्या साखळीमुळे. ताहितीच्या बेटांवर निदान झाडं आधीपासून होती, लोकांनी ती गोळा करून चार पैसे मिळवले. आम्ही रोपंसुद्धा विकत घेतली.

कृष्णाकाठ

देवगडकर, दराचं बोललात म्हणून साखळीचं सांगतो. ओळखीच्या आग्रहाने अशा काही मीटिंगांना बसलो आहे, कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही.

मंगल कार्यालयाचा हॉल, एसी, चहा-बिस्किट. पहिला तास उत्पादनाचा. त्यात डॉक्टर फार क्वचित असतो, असतात ते उभे राहून बोलणारे: 'माझी शुगर ४०० होती', 'मला डॉक्टरांनी सोडून दिलं होतं'. दुसरा तास प्लॅनचा. तुमच्या खाली दोन माणसं, त्यांच्या खाली दोन, पॉइंट जुळले की चेक. बाटली प्रत्येकाला दर महिन्याला घ्यावीच लागते, नाहीतर आयडी ॲक्टिव्ह राहत नाही. त्यामुळे घरात बाटल्या साठतात. त्या संपवायच्या तर कोणाला तरी गरज आहे असं पटवावं लागतं. आणि गरज कोणाला लगेच पटते? आजारी माणसाला, किंवा त्याच्या घरच्यांना. शेवंतीताईंनी पहिल्याच परिच्छेदात जे लिहिलंय त्याचं कारण हे आहे. विकणारी माणसं दुष्ट नसतात. बरेच जण स्वतः पितात, आईवडिलांना पाजतात. पण प्रत्येक बाटलीमागे मिळणारा पॉइंट डोक्यात असताना 'तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या' हे वाक्य तोंडातून निघत नाही.

निशिगंधा

कॅन्सरबद्दल कोणी सांगेल का? आमच्या वहिनींचे केमो चालू आहेत. हवाईच्या विद्यापीठात नोनीवर कॅन्सरचं संशोधन झालंय असा व्हॉट्सॲप फॉरवर्ड आलाय आणि सासूबाई बाटली मागवायच्या मागे लागल्यात.

अनिकेत_सॉल्टलेक

निशिगंधा, संशोधन झालं हे खरं आहे. हवाई विद्यापीठाच्या कर्करोग केंद्रात, अमेरिकी सरकारच्या पैशावर, पहिल्या टप्प्याची चाचणी झाली. पहिला टप्पा म्हणजे किती मात्रा माणसाला झेपते हे बघणं. नोनीच्या फळाच्या कॅप्सूल पुढच्या अवस्थेतल्या पेशंटांना दिल्या. काहींना वेदना आणि थकव्याच्या प्रश्नावलीत जरा बरं वाटल्याचं दिसलं, पण कोणाचीही गाठ लहान झाली नाही. त्या चाचणीत तुलनेसाठी औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणारे पेशंटही नव्हते. फॉरवर्डमध्ये 'संशोधन झालं' एवढंच येतं, काय निघालं ते येत नाही.

डॉ_तांबडमाती

वहिनींच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय केमोच्या काळात काहीही नवीन सुरू करू नका. केमोची बरीच औषधं लिव्हरमधून जातात. लिव्हरचे आकडे वाढले की पुढचा डोस लांबतो, आणि मग हे केमोमुळे की बाटलीमुळे ते कळायला मार्ग राहत नाही. सासूबाईंना काहीतरी करावंसं वाटतंय, ते स्वाभाविक आहे. त्यांना वहिनींचं तोंड आलेलं असताना चालेल अशी मऊ खिचडी, ताकातली पेज, उकडलेलं अंडं यांचं वेळापत्रक सोपवा. त्या काळात वजन टिकणं फार मोलाचं असतं.

ग्राहकपेठ_ठाणे

कायद्याचं थोडक्यात लिहितो, तक्रार करायची असेल त्यांना उपयोगी पडेल.

एफएसएसएआय, म्हणजे भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरण, याच्या २०१६ च्या नियमांनुसार अशा उत्पादनावर 'हेल्थ सप्लिमेंट' आणि 'औषधी वापरासाठी नाही' असं ठळक छापावं लागतं. बाटली फिरवून बघा, इंग्रजीत असतं. १४ आकडी परवाना क्रमांक असतो, तो म्हणजे अन्न म्हणून परवाना. रोग बरा होण्याचं ते प्रमाणपत्र नव्हे, पण मीटिंगमध्ये तसं दाखवतात. खोट्या जाहिरातीला २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली १० लाखांपर्यंत दंड आहे. कॅन्सर, मधुमेह, रक्तदाब बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या 'औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती)' कायद्याने बंदी आहे. आणि डिसेंबर २०२१ पासून थेट विक्रीचे वेगळे नियम आहेत. पिरॅमिड योजना चालवता येत नाही, कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि विक्रेत्याने केलेल्या विक्रीतून उद्भवलेल्या तक्रारीची जबाबदारी कंपनीवर येते. 'तो आमचा माणूस नाही' म्हणून हात वर करता येत नाहीत.

व्यवहारात काय करायचं: पावती मागा. दावा व्हॉट्सॲपवर आला असेल तर स्क्रीनशॉट ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. अन्न आणि औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार, पोच घेऊन.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, तुमचा पोटॅशियमचा हिशेब वाचून मूळ धाग्यात भर घालते आहे, म्हणजे कोणी अर्धं वाचून घाबरणार नाही.

काकांचं पोटॅशियम तपासलं, ५.७ आलं, म्हणजे वाढलेलं. नेफ्रॉलॉजिस्टनी रस बंद करायला सांगितला आणि टेल्मिसार्टनची मात्राही बदलली. नोनीमुळेच वाढलं असं त्यांनी म्हटलं नाही, इतर कारणंही असू शकतात म्हणाले. पण ते असंही म्हणाले की पेशंट गोळ्यांची यादी देतात, रस, काढे आणि पावडरी कधीच सांगत नाहीत, आणि निम्मी कोडी तिथेच सुटतात. काकूने आता फाइलच्या पहिल्या पानावर यादी केली आहे: गोळ्या, सकाळचा काढा, मुखवास, मिठाऐवजी वापरतात ते लो-सोडियम मीठसुद्धा. त्या मिठाचं नाव ऐकून डॉक्टर खुर्चीत सरळ बसले, कारण त्यात बऱ्याचशा सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. तेही बंद झालं.

फिरायला येणाऱ्या त्या गृहस्थांशी काका स्वतः बोलले. रिपोर्ट दाखवला. त्यांनी न उघडलेली बाटली परत घेतली आणि त्यांच्या यादीतल्या आणखी एका किडनीच्या पेशंटला फोन केला. मला याचं फार बरं वाटलं.

जयाताई_नाशिक

शेवंती, तू विचारलंस म्हणून तपासण्या केल्या. क्रिएटिनीन ०.९, एसजीपीटी नॉर्मल. मी माझी नोनी चालू ठेवणार आहे, पण ३० मिलीच. भिशीतल्या मालूताईंना बीपी आणि शुगर दोन्ही आहे, त्यांना तपासणी करून घ्यायला सांगितलंय.

पाटणकर_वहिनी

आज पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस नुसती वाचत होते. माझ्या आईची हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ करायची गोळी कायम चालू. ती दोन महिन्यांपासून नोनी घेतेय. मागच्या वेळी आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) कमी आला म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली. नोनीचं त्यांना सांगितलेलं नाही. याचा काही संबंध असेल का? आज रस बंद करून टाकू का?

डॉ_तांबडमाती

संबंध असू शकतो. २००४ साली अशी एक केस प्रसिद्ध झाली आहे, वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या बाईचा आयएनआर वाढतच नव्हता आणि त्या नोनीचा रस घेत होत्या. आईंची गोळी रस चालू असताना वाढवलेली आहे. आता रस अचानक थांबला आणि गोळी वाढलेलीच राहिली तर आयएनआर उलट बाजूला जाऊन रक्तस्राव होण्याचा धोका संभवतो. म्हणून नुसता रस बंद करून थांबू नका. आज संध्याकाळपर्यंत त्यांच्या कार्डिऑलॉजिस्टना फोन करा, रसाचं नाव आणि रोजचं प्रमाण सांगा, बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा, आणि रस कसा थांबवायचा, आयएनआर कधी-कधी करायचा ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, काळी शौच, अचानक जोराची डोकेदुखी यातलं काही दिसलं तर फोनची वाट न बघता थेट दवाखान्यात न्या.

पाटणकर_वहिनी

फोन केला. उद्या सकाळी आयएनआरला बोलावलंय, बाटली बरोबर आणायला सांगितलीय.